न हसल्यास पैसे परत

हसवायचे किती घ्यायचे, हा प्रश्न इन्स्पेक्टरांना पडला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. रोज सकाळी सहा वाजता बागेत सात-आठ म्हातारी माणसं गोल उभी करून ते त्यांना हसवत होते आणि ते फुकट होतं. फुकटच्या कामात माणूस चुकला तर लोक हसण्यावारी नेतात. पैसे घेतले की चुकीची पावती फाडावी लागते. हे त्यांना आता कळतं.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत, वजनमापे खात्यातले. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, मापांच्या बुडाला चिकटवलेलं मेण खरवडून काढलं, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचा चेहरा कुणाचं तरी वजन कमी भरल्यासारखाच राहिला. असा माणूस हास्यमंडळाचा पुढारी कसा झाला? तर आधीचे पुढारी मुलाकडे राहायला गेले आणि जाताना शिट्टी यांच्या हातात देऊन गेले. शिट्टी ज्याच्या हाती, तो पुढारी. मोठमोठ्या ठिकाणीही याहून वेगळं काही चालत नाही.

पैसे घ्यायची कल्पना वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांची. त्यांनी उभं आयुष्य लोकांना मरणाची भीती घालून पॉलिस्या विकल्या होत्या, त्यामुळे जगात न विकता येणारी वस्तू नाही असा त्यांचा विश्वास होता.

"अहो, माझ्या जावयाच्या ऑफिसात एक बाई येते," ते जिन्यात इन्स्पेक्टरांना अडवून म्हणाले, "ती तासभर नुसता श्वास घ्यायला लावते. श्वास! आणि त्याचे पैसे घेते. तुम्ही तर हसवता. तुमच्याकडे पक्का माल आहे."

झालं. त्या रात्री इन्स्पेक्टर जेवणाच्या टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन बसले. बायको समोर मटार सोलत होती.

"तासावर घ्यावं तर माणसं किती येतील त्याला धरबंध नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "माणशी घ्यावं तर दहाच आली म्हणजे?"

"बागेत फुकट आहे तरी सातच येतात," बायको म्हणाली. "त्यातले दोघं झोपेतच असतात."

"तो प्रश्न वेगळा आहे."

"अहो, प्रश्न तोच आहे. तुम्ही वेगळे आहात."

शेवटी विमावाल्यांनी तोड काढली. माणशी दीडशे. याहून कमी सांगितलं तर माल हलका वाटतो, जास्त सांगितलं तर लोक विचार करतात, आणि गिऱ्हाइकाला विचार करू देऊ नये. वर त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात पत्रकाच्या तळाशी एक ओळ घातली: 'न हसल्यास पैसे परत.'

"हे कशाला?" इन्स्पेक्टर दचकले.

"याला हमी म्हणतात. मी आयुष्यभर 'मेल्यास पैसे परत' एवढ्यावर संसार केला."

पत्रकं बारा ठिकाणी गेली आणि अकरा ठिकाणी विरली. बाराव्या ठिकाणाहून बोलावणं आलं. ती नळ आणि पाइप विकणारी कंपनी होती; तीन मजले, बेचाळीस माणसं, आणि स्वागतकक्षात काचेच्या कपाटात मांडलेले पितळी नळ. कर्मचारी विभागाच्या मॅडम इन्स्पेक्टरांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं आणि त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"सर, ही गॅरंटी मला फार आवडली. पण हसले की नाही, ते तुम्ही मोजणार कसं?"

इथे खरं तर इन्स्पेक्टरांनी "हसणं कुठे मोजतात का मॅडम," असं म्हणून चहा पिऊन घरी यायचं होतं. पण मोजणं हा शब्द कानावर पडला आणि चौतीस वर्षांची नोकरी त्यांच्या अंगात आली. ते ताठ बसले. म्हणाले, "मोजता येत नाही अशी वस्तू नसते. मी तक्ता करून देतो."

तक्ता त्यांनी एका बैठकीत केला. शून्य म्हणजे निर्विकार. एक, स्मित. दोन, मंद. तीन, मोकळं. चार, खळखळून. पाच, गडगडाट. पुढे नावं, तारखा, आणि अगदी उजवीकडे 'शेरा'. तक्ता इतका देखणा झाला की त्यांनी तो बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "यात माझे किती?" इन्स्पेक्टर म्हणाले, "तुला कशाला मोजू?" तेवढीच त्या सगळ्या प्रकरणातली त्यांची शहाणपणाची गोष्ट.

मग नोंदणी. कंपनीकडून पैसे घ्यायचे तर पुरवठादार म्हणून नाव नोंदवावं लागतं, आणि नोंदणीच्या अर्जात धंद्याचा प्रकार निवडावा लागतो. यादीत सत्तर प्रकार होते, हसवणं नव्हतं. मॅडमनी कंपनीच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, त्याने आणखी कुणाला विचारलं, आणि आठ दिवसांनी असं ठरलं की जागेवर येऊन एकदम सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी देण्यात येणारी सेवा एकच आहे, तीत घालावं. ती सेवा होती कीटकनियंत्रण. तेव्हा पहिल्या दिवशी वॉचमनने पास वाचून इन्स्पेक्टरांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पंप कुठाय?"

"कसला पंप?"

"फवारणीचा. आणि मास्क आणलाय ना? मागच्या वेळी अख्खा मजला खोकत होता."

"मी हसवायला आलोय," इन्स्पेक्टर शक्य तितक्या भारदस्तपणे म्हणाले. वॉचमनने त्यांचा चेहरा पुन्हा एकदा पाहिला आणि अपमान होणार नाही इतपत मान हलवली.

दर बुधवारी चार वाजता, कॅन्टीनमध्ये, खुर्च्या भिंतीला लावून. हजेरी सक्तीची. पहिल्या बुधवारी बेचाळीस माणसं सरकारी दवाखान्यात रांग लावावी तशी उभी राहिली. इन्स्पेक्टरांनी शिट्टी वाजवली. हात वर, श्वास आत, आणि हो हो, हा हा हा. विक्री विभाग लगेच हसला. त्यांना समोरचा जे म्हणेल ते करायची सवय असते. हिशेब विभाग मात्र आधी एकमेकांकडे बघून, कुणी आधी सुरू करतंय का याचा अंदाज घेऊन, दातांतल्या दातांत हसला. इन्स्पेक्टर पाठकोऱ्या कागदांच्या पॅडवर खुणा करत फिरत होते. एक, दोन, दोन, एक, तीन.

आणि शेवटच्या रांगेत, पाण्याच्या पिंपाशी, शून्य.

त्या आवक-जावकच्या बाई. कंपनीत येणारं प्रत्येक पत्र आणि जाणारं प्रत्येक पाकीट एकतीस वर्षं त्यांच्या वहीतून गेलं होतं. इस्त्रीची साडी, हातात रुमाल, ओठ घट्ट मिटलेले. त्या हात वर करत होत्या, श्वास घेत होत्या, टाळ्याही वाजवत होत्या. फक्त हसत नव्हत्या.

महिनाभर इन्स्पेक्टरांनी त्या एका शून्याचा ध्यास घेतला. एक्केचाळीस माणसं हसत होती, कुणी मनापासून, कुणी घरी लवकर सुटावं म्हणून. पण त्यांचं त्याकडे लक्षच नव्हतं. बाजारात शंभर तराजू बरोबर असले तरी इन्स्पेक्टरचं नाव होतं ते एक खोटा तराजू पकडल्यामुळे. शिवाय मॅडमनी पहिल्या महिन्यातच त्या एका शून्याचे पैसे कापले होते. रक्कम किरकोळ. पण विमावाल्यांना कळलं आणि ते जिन्यात म्हणाले, "एक भोक बुजवलं नाहीत तर हौद रिकामा व्हायला वेळ लागत नाही हो."

दुसऱ्या महिन्यातला पहिला बुधवार. त्या दिवशी सिंहहास्य होतं. यात तोंड पुरतं उघडायचं, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढायची आणि पोटातून गर्जना करत हसायचं. एक्केचाळीस सिंह गर्जले. बाईंनी रुमाल तोंडाशी नेला.

इन्स्पेक्टरांनी शिट्टी मारली. कॅन्टीन गप्प झालं. ते रांगांमधून वाट काढत थेट पिंपापाशी गेले.

"बाई, सगळे तुमच्यासाठी थांबलेत."

बाईंनी नुसती मान हलवली.

"हसायला पैसे पडत नाहीत. तुमचे कंपनीने भरलेत." यावर विक्री विभाग खदखदला, आणि इन्स्पेक्टरांना आपण विनोद केला असं वाटलं. "एकदाच. आ करा. मी मोजतो. एक, दोन..."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर इन्स्पेक्टरांना ओळखीची होती. दुकानात गर्दी असताना, उधारीवाल्या गिऱ्हाइकांसमोर माप उलटं करून दाखवायला सांगितलं की दुकानदार असाच बघायचा. पूर्वी ती नजर दिसली की आपण बरोबर जागी बोट ठेवलं अशी त्यांची खात्री पटायची. त्या दिवशीही पटली. बाई रुमाल तसाच धरून, कुणाला धक्का न लावता, कॅन्टीनबाहेर निघून गेल्या.

घरी येऊन इन्स्पेक्टरांनी शेऱ्याचा रकाना भरला. शब्द आपसूक आले, जुन्या अहवालांतून उठून आल्यासारखे: 'सदर व्यक्ती वारंवार सूचना देऊनही असहकार करते. वृत्ती तपासावी.' आणि तक्ता नेहमीप्रमाणे मॅडमकडे पाठवून दिला.

महिन्याअखेरीस बिल द्यायला ते कंपनीत गेले तेव्हा आवक-जावकच्या खिडकीत एक नवीन मुलगी बसली होती. बाई रजेवर आहेत का, असं त्यांनी वॉचमनला सहज विचारलं.

"रजेवर कुठल्या? गेल्या," वॉचमन म्हणाला. "साठ पुरी झाली ना. दोन वर्षं वाढवून मिळणार होती, कागद वर गेलाही होता. मग म्हणे कुठलासा शेरा आला. वृत्ती बरोबर नाही म्हणून." त्याने समोरचं रजिस्टर मिटलं. "एकतीस वर्षांत त्यांनी माझं एक पाकीट हरवलं नाही. त्यांच्या वृत्तीला काय झालं असेल हो?"

इन्स्पेक्टरांनी बिल खिशातून काढलंच नाही. बाईंचा पत्ता मात्र विचारून घेतला.

दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बाईंनीच दार उघडलं. इन्स्पेक्टर पायपुसण्यावर उभे राहून वाटेत पाठ केलेलं बोलू लागले. मी अमुक, माझ्या शेऱ्यामुळे तमुक, मला कल्पना नव्हती. आतल्या खोलीतून एका म्हातारीचा आवाज आला, "कोण गं? दूधवाला का?"

"नाही ताई. हसवणारे आलेत."

"मग आत घे की!"

ती त्यांची थोरली बहीण, चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. बाईंनी चहा केला. इन्स्पेक्टरांना वाटलं होतं त्या बोलतील, रागावतील, निदान कप तरी आपटतील. बाईंनी बशी सरळ केली आणि शांतपणे म्हणाल्या, "दोन वर्षं मिळाली असती तर ताईसाठी दिवसाची बाई ठेवता आली असती. आता मीच आहे घरी. तेही बरंच म्हणायचं."

"पण तुम्ही का नाही हसलात?" इन्स्पेक्टरांना राहवलं नाही. "एकदा. खोटं का होईना."

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं, आवाज उतरवला. "कवळी आहे मला. वरची. जुनी सैल झाली होती, नवीन व्हायला दोन महिने लागले. बोलताना जपून बोलत होते, जेवायला डबा एकटीने खात होते. तुम्ही म्हणालात, आ करा, जीभ बाहेर काढा." त्यांनी पदर नीट केला. "बेचाळीस माणसांत ती चहाच्या टेबलावर पडली असती तर मी पुन्हा त्या खिडकीत बसले असते का?"

"मला कानात सांगायचंत!"

"तुम्हाला? तुमच्या हातात तर तक्ता होता."

इन्स्पेक्टरांनी कप खाली ठेवला. निघताना ते एवढंच म्हणाले, "मी हे निस्तरतो." बाई काही म्हणाल्या नाहीत. नको म्हणाल्या असत्या तर, हा विचार त्यांना पुढे फार छळणार होता.

त्या रात्री ते जेवले नाहीत. बायकोने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्यांना विचारा आधी. काही करायचं ते विचारून करा." पण केलेली चूक दुरुस्त करायला निघालेल्या माणसाला बायकोचं ऐकायला सवड नसते. सकाळी ते विमावाल्यांकडे गेले.

"मोघम लिहाल तर दावा फेटाळतात," विमावाले म्हणाले. "कारण सविस्तर लिहा. विषय ठळक. प्रती सगळ्यांना. म्हणजे कुणाला दाबून ठेवता येणार नाही."

इन्स्पेक्टरांनी पत्र लिहिलं. आयुष्यात इतकं कळवळून त्यांनी काही लिहिलं नव्हतं. दोष संपूर्णपणे माझा आहे, बाईंचा सहभाग पाचपैकी पाच धरावा, तक्ता रद्द समजावा, माझं सगळं बिल कापून घ्यावं. सगळं खरं होतं. माथ्यावर, दुहेरी रेघ मारून: 'विषय: आवक-जावकच्या बाईंची कवळी सैल असल्याबाबत खुलासा व शेरा मागे घेणेबाबत.' तळाला: 'प्रत: सर्व विभागप्रमुख.' दहा वाजता त्यांनी ते खिडकीतल्या मुलीच्या हातात दिलं, शिक्का मारून पोच घेतली, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. त्या हलकेपणातच त्यांनी दुपारी बाईंना फोन केला.

"बाई, मी सगळं लेखी दिलंय."

"काय लेखी दिलंय?"

त्यांनी पत्र वाचून दाखवायला सुरुवात केली. विषयाच्या ओळीपाशीच बाई म्हणाल्या, "थांबा."

मग त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "अहो, एकतीस वर्षं. एकतीस वर्षं तिथे कुणाला कळू दिलं नाही मी. नोकरी गेली ती गेली. पण गेले त्या दिवशी सगळे उभे राहिले होते हो माझ्यासाठी. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही नको म्हणाला नाहीत..."

"नको म्हणायला लागेल असं वाटलंच नाही मला." मग एकदम त्यांच्यातली आवक-जावक जागी झाली. "हे बघा. सकाळचं टपाल चारपर्यंत डाव्या हाताच्या ट्रेमध्ये असतं. चारला वर जातं. आता सव्वातीन झालेत. जा, आणि ते पाकीट परत घ्या. घेतलंत की मला फोन करा."

इन्स्पेक्टर धावले. गुडघ्यांपायी सोडलेलं धावणं ते बारा वर्षांनी धावले. सकाळी टपाल द्यायचंय म्हणून सोडणाऱ्या वॉचमनने आता गेटवर पास मागितला. पासाची मुदत बुधवारपुरती होती आणि आज शुक्रवार. "कीटकनियंत्रण!" इन्स्पेक्टर ओरडले. "तातडीचं आहे!" वॉचमन बाजूला झाला.

डावीकडचा ट्रे रिकामा होता.

"ते सकाळचं ना? मी लगेच स्कॅन करून टाकलं," खिडकीतली मुलगी आनंदाने म्हणाली. "पूर्वी चारपर्यंत पडून राहायचं म्हणे. आता नवीन पद्धत आहे, आलं की सरळ मेलवर."

"कुणाकुणाच्या?"

"तुम्हीच लिहिलं होतं ना खाली, सर्व विभागप्रमुख? त्यांनी पुढे आपापल्या माणसांना पाठवलं." मग जरा चाचरत, "सर, ते खरं आहे का?"

जिन्यात मॅडम भेटल्या. म्हणाल्या, "सर, किती मोकळेपणाने लिहिलंत! मला फारच भिडलं." इन्स्पेक्टरांनी मुदतवाढीचं विचारलं. मॅडमचा चेहरा खरोखरच उतरला. "तो कागद आता बंद झालाय सर. माझ्या हातात असतं तर."

खिडकीशी परत येऊन त्यांनी मूळ पत्र मागितलं, मुलीने ते पाकिटासकट दिलं. पाकीट हातात घेऊन ते कंपनीबाहेर फुटपाथवर आले. चार वाजून गेले होते. फोन वाजला. त्यांनी दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा घेतला.

"मिळालं का?" बाईंनी विचारलं.

इन्स्पेक्टरांनी हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. चौतीस वर्षांत त्यांनी एका ग्रॅमचं खोटं लिहिलं नव्हतं.

"मिळालं," ते म्हणाले. "हातातच आहे माझ्या."

"कुणी उघडलं नाही ना?"

"नाही बाई."

पलीकडे एक मोठा श्वास सुटला आणि मग बाई हसल्या. आधी नुसतंच नाकातून, मग मोकळ्या, मग अशा खळखळून की आतल्या खोलीतून ताईंनी "काय झालं गं?" म्हणून विचारलेलं इन्स्पेक्टरांना फोनवर ऐकू आलं. नवी कवळी चांगली घट्ट बसली असावी.

"जीव टांगणीला लागला होता हो," हसू आवरत बाई म्हणाल्या. "असू दे. हसले मी शेवटी. लिहा आता तुमच्या तक्त्यात."

"लिहितो," इन्स्पेक्टर म्हणाले.

कंपनीच्या तळमजल्यावरची हिशेब विभागाची खिडकी उघडी होती. सात-आठ जण एका टेबलाभोवती कॉम्प्युटरवर वाकले होते. कुणीतरी काहीतरी मोठ्याने वाचलं, आणि दोन महिने दातांतल्या दातांत हसणारा तो अख्खा विभाग, कुणीही शिट्टी न वाजवता, पोट धरधरून हसायला लागला. फोनमध्ये ते ऐकू जाऊ नये म्हणून इन्स्पेक्टरांनी तोंडाशी हात धरला आणि ते रस्त्याच्या पलीकडे चालू लागले.